आधी पाय बघीन, मग पाय लावीन

जन्माला येताना माझे पाय आधी आले, डोकं नंतर. माझ्या शिक्षणाशी या गोष्टीचा काही संबंध नाही. तरी साताऱ्यात माझी प्रॅक्टिस चालली ती निम्मी पदवीवर आणि निम्मी यावर.

अशा माणसाला पायाळू म्हणतात. निहार, सई, नातवंडांनो, हा शब्द तुमच्या आईने तुम्हाला इतकी वर्षं सांगितला नव्हता. शाळेत असताना तिला त्याची लाज वाटायची. कुणाच्या पाठीत उसण भरली, म्हणजे वाकताना चमक निघून माणूस तसाच अडकला, की पायाळू व्यक्तीने त्या जागी पाय लावायचा आणि उसण उतरायची, अशी आपल्याकडे समजूत आहे. पायाळू माणसावर वीज पडते अशीही समजूत आहे. माझ्यावर अद्याप पडलेली नाही.

या अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या व्यवसायातलं काही लिहा’ म्हणून सांगितलं आणि त्याच आठवड्यात एडिंबराहून निहारचा फोन आला.

“आजी, पळून आल्यावर जरा आडवा झालो की पोटरीत गोळा येतो. जीव जातो. नेटवर लिहिलंय, केळं खा, नाहीतर चादरीखाली साबणाची वडी ठेव. ठेवू?”

“साबण आंघोळीला वापर. उपाय सांगते, पण आधी एका सुभेदारांची गोष्ट ऐकावी लागेल.”

“लहान आहे का?”

“नाही.”

त्याला मीटिंग होती. म्हणून ती गोष्ट इथे लिहिते.

मी फिजिओथेरपिस्ट. शाळा पुण्यात, इंग्रजी माध्यमात, पदवी मुंबईची. लग्न होऊन साताऱ्याला आले, घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकलं, दारावर पाटी लावली. पहिल्या आठवड्यात तीन माणसं आली. त्यातल्या दोघांना दात काढायचे होते. पुढे लोक मला ‘शेकाच्या बाई’ म्हणू लागले आणि दातवाले यायचे थांबले. माझं काम म्हणजे रुसलेले स्नायू आणि सांधे पुन्हा कामाला लावणं. औषध नाही, सुई नाही. व्यायाम, शेक आणि पुष्कळ प्रश्न. प्रश्न हेच आमचं खरं यंत्र, असं मी शिकाऊ मुलींना नेहमी सांगत असे. एकदा ते मीच विसरले, आणि त्यात एका माणसाचा पाय जायची वेळ आली.

पायात गोळा येतो म्हणजे काय होतं, ते आधी सांगते. स्नायू आवळतो आणि सैल व्हायचं विसरतो. एवढंच. का विसरतो, याची कारणं बरीच आहेत. दिवसभर उभं राहणं, नेहमीपेक्षा जास्त पळणं, घाम जाऊन पाणी कमी पडणं, गरोदरपण, मधुमेह, लघवी जास्त होण्याच्या गोळ्या, आणि वय. पुष्कळ वेळा कारण सापडतच नाही. तेव्हा डॉक्टर ‘वयामुळे’ म्हणतात. पंचविशीतल्या माणसाला तसं म्हणता येत नाही, म्हणून त्याला ‘पाणी पीत जा’ म्हणतात.

दर गुरुवारी मी कडेगावला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात जात असे. हंगामात तिथे ऊसतोडीच्या बायका यायच्या, दोन्ही पोटऱ्यांत गोळे घेऊन. मी पहिल्या वर्षी प्रत्येकीला पाण्याचं महत्त्व समजावून सांगितलं. एकीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पानी पिलं तर जायाचं कुठं, बाई? समदीकडं गडी मानसं.” त्यावर माझ्या पुस्तकात काही लिहिलेलं नव्हतं. पुढच्या वेळेपासून मी व्याख्यान बंद केलं आणि मुकादमाला जुन्या साड्यांचा आडोसा बांधायला लावला. तो बांधला गेला त्या फडावरचे गोळे कमी झाले.

घरगुती उपायांचं म्हणाल तर मी सगळे ऐकले आहेत. उशाखाली लोखंडी किल्ली, पायाला काळा दोरा, एरंडेल, मोहरीचं तेल. केळ्याबद्दल माझं मत असं, की केळं सोलून, खाऊन, पोटात पोचेपर्यंत गोळा निघून गेलेला असतो आणि श्रेय केळ्याला मिळतं. केळं जरूर खा, ते फळ म्हणून चांगलं आहे. सगळ्यात चांगला उपाय मला माण तालुक्यातल्या एका धनगर आजींनी दाखवला. त्या सुनेला घेऊन आल्या होत्या. सून सातव्या महिन्यातली, गोळ्यांनी हैराण. मी तिला पाय ताणायचा व्यायाम शिकवायला लागले तर आजी म्हणाल्या, “आवं, ह्यो तर आमचा मेंढरामागचा विलाज. गोळा चढला की काठी रोवायची, टाच भुईला टेकवायची आन् फुडं झुकायचं. बसायचं न्हाई. बसला त्यो फसला.” मी चार वर्षं कॉलेजात जे शिकले ते एवढंच होतं. फक्त काठीच्या जागी भिंत होती.

आता आमच्या घराच्या मागच्या दाराकडे येते.

लग्न ठरवताना माझ्या आईने पत्रिका, उंची, पदवी सगळं सांगितलं होतं. पायाळू असल्याचं तिने तुमच्या आईच्या बारशाला सांगितलं, तेही भरल्या घरात. माझ्या सासूबाईंनी पदवीचं कौतुक कधी केलं नव्हतं. या बातमीने मात्र त्यांना सून आवडू लागली. आठवड्याभरात त्यांनी मागच्या पडवीत चटई टाकली आणि मंगळवार-शनिवार सकाळचे वार ठरवले. पुढच्या दारी पाटी, वेळ, नावाचं कार्ड. मागच्या दारी नुसता पाय.

यात एक अडचण होती. आपल्यात चुकून कुणाला पाय लागला तरी आपण हात लावून नमस्कार करतो. इथे तर वडीलधाऱ्या माणसाला मुद्दाम पाय लावायचा. सासूबाईंनी पद्धत बसवून दिली. माणसाने पालथं झोपायचं. मी तुळशीकडे तोंड करायचं, त्या माणसाकडे बघायचं नाही, तीनदा पाय लावायचा आणि मग वाकून नमस्कार करायचा. आधी लाथ, मग नमस्कार. हा क्रम मी जवळजवळ चाळीस वर्षं पाळला. उसण बहुतेकदा तीन-चार दिवसांत आपोआप उतरते. मागच्या दारी श्रेय पायाला मिळे, पुढच्या दारी यंत्राला. या दोहोंत फरक काय, याचा मी फार खोलात जाऊन विचार केला नाही. आणि उसणेबरोबर लोक मान, खांदा, पोटरी असं जे जे भरतं ते सगळं घेऊन येऊ लागले, तेव्हाही केला नाही.

दहाएक वर्षांपूर्वी माघातल्या एका मंगळवारी सकाळी सुभेदार आले. फौजेतून निवृत्त, उंच, मिशी जागच्या जागी, खिशात बिड्यांचं बंडल. मेढ्याच्या वरच्या अंगाला डोंगरातलं गाव. सोबत बायको, हौसाकाकू. पडवीत सासूबाई पहाऱ्याला बसलेल्याच होत्या.

“आक्का, सूनबाई हायत्या का?”

“हायती की. पन डाक्टरकीचं काय इचारू नगा, त्ये फुडल्या दाराला. हितं फकस्त पाय.”

“फकस्त पायच पायजे. डाक्टर लय झालं.”

मी आतून आले. पुढच्या खोलीत एका गुडघ्याला यंत्र लावून आले होते, त्याची घंटी वाजायला पाच मिनिटं होती. सुभेदार चटईवर पालथे झाले आणि तसेच, चटईत तोंड घालून, मला अहवाल देऊ लागले.

“बाईसाहेब, उजव्या पोटरीत गोळा येतोय. पन टायमाचा लय पक्का. एस्टीतनं उतरलो की मोजून तीनशे पावलं. तीनशेला आला म्हंजे आलाच. पाच मिंटं उभा ऱ्हायलो की गायब. फुडं परत तीनशे.”

“त्येच्यामुळं नाव झालंय की गावात,” हौसाकाकू म्हणाल्या. “जलमभर ह्यो मानूस कुनाशी बोलला न्हाई. आता एस्टीपास्नं घरापतुर दर बांधावर थांबतोय, नाचणी कशी हाय इचारतोय. लोक म्हनत्यात, सुभेदार निवळलं.”

“मग गोळ्यासाठी थांबलोय म्हनून सांगू व्हय? सुभेदार हाय मी.”

सासूबाई हसल्या. मीही हसले. मग तुळशीकडे तोंड केलं आणि पाय लावला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा माझा पाय घसरला आणि त्यांच्या घोट्याला लागला. घोटा गार होता. माणूस पहाटेच्या एस्टीने मेढ्याहून आलेला, माघातली थंडी. म्हटलं, असेल गार. आतून घंटी वाजली.

“पाय गारठलाय तुमचा. शेक घेत जा,” मी जाता जाता म्हणाले.

“रोज?”

“रोज.”

“किती टायम?”

“वीस मिनिटं.”

“वीस मिंटं. रोज,” सुभेदारांनी चटईतून हुकूम परत म्हणून दाखवला.

मी आत पळाले. नमस्कार राहिला.

यातली चूक तुम्हाला दिसली का, मुलांनो? साधा गोळा आडवं झाल्यावर येतो, बसल्या बसल्या येतो, पळून आल्यावर येतो. पण तो पावलं मोजून येत नाही. चालताना ठरावीक अंतरावर येणारं, थांबलं की जाणारं आणि पुन्हा चालल्यावर तेवढ्याच अंतरावर येणारं दुखणं हे बहुधा स्नायूचं नसतं. ते रक्ताचं असतं. पायाकडे जाणारी रक्तवाहिनी आतून चिंचोळी झालेली असते. पोटरीला बसल्या जागी पुरेल एवढं रक्त पोचतं, चढावर चालायला पुरेल एवढं नाही. बिडी हे त्याचं मोठं कारण. पाय गार पडतो, त्यावरचे केस झडतात, कातडी चकचकीत होते. पावलावर बोट ठेवलं तर नाडी लागत नाही. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीने हे सांगितलं असतं. पुढच्या दाराने सुभेदार आले असते तर मीही सांगितलं असतं. हाताला तो गारवा नक्की कळला असता. पायाला मी काही शिकवलेलं नव्हतं.

आणि अशा पायाला शेक द्यायचा नसतो. त्याला पुरेसं जाणवत नाही, म्हणून तो भाजतो. आणि रक्त नाही, म्हणून भाजलेलं भरत नाही.

फाल्गुन संपता संपता सुभेदार पुन्हा आले. मुलाच्या जीपमधून, मागच्याच दाराला. पावलाला धोतराचं फडकं गुंडाळलेलं. मी ते सोडलं. आत हळदीचा थर होता, हळदीखाली दोन बोटं काळी पडलेली.

“हे कशाने झालं?”

“भाजलंय जरासं. येक दीस फोड आला, त्यो काय बरा हुईना. पन शेक येक दीस बी चुकवला न्हाई, बाईसाहेब. वीट तापवून. रोज वीस मिंटं. घड्याळ लावून.”

हौसाकाकू म्हणाल्या, “मी म्हनत हुते बंद करा. तर मला म्हनत्यात, हुकूम म्हंजे हुकूम.”

मी पावलावर बोटं ठेवली. नाडी नव्हती. घोट्यामागे नव्हती. माझ्या चेहऱ्याकडे बघून सासूबाई पडवीतून उठल्या आणि आत गेल्या. मंगळवारी त्या उठून गेल्याचं मला तरी ते पहिलंच आठवतं.

रक्तवाहिन्यांचे माझ्या ओळखीचे एक सर्जन मिरजेला होते. त्यांना फोन केला आणि त्याच जीपमध्ये बसले. सुभेदार मागच्या सीटवर पाय लांब करून, त्यांचं पाऊल माझ्या मांडीवर. कऱ्हाड आलं. मग सुभेदारांनी विचारलं, “बाईसाहेब, पाय ऱ्हातोय का जातोय?”

“माहीत नाही.”

“बरं. न्हाई, खरं सांगा म्हनून इचारलं. घर चढावर हाय. येका पायानं चढनं म्हंजे लय थांबावं लागंल. आन् माझ्याकडं आता बोलायला काय शिल्लक न्हाई. समद्या नाचण्या इचारून झाल्या.”

हौसाकाकूंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या का रडत होत्या, मला कळलं नाही. बहुधा दोन्ही.

सर्जनने पाय पाहिला, तपासण्या केल्या आणि गुडघ्याच्या खाली पेनने एक रेघ मारली. रक्तवाहिनी उघडायचा प्रयत्न करू, म्हणाले. उघडली नाही तर पाय या रेघेवर काढावा लागेल. मग त्यांनी विचारलं, “याला शेक द्यायला कुणी सांगितलं?”

“कुनी न्हाई. माझं मीच,” सुभेदार म्हणाले. ताडकन.

“मी सांगितलं,” मी म्हणाले.

सर्जनने आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. “तुम्ही?” एवढंच म्हणाले. शिकलेल्या माणसाने शिकलेल्या माणसाला म्हटलेला तो ‘तुम्ही’ मी अजून विसरलेले नाही.

रक्तवाहिनी उघडली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पावलावर बोट ठेवलं तेव्हा खाली काहीतरी हललं, मांजराच्या पिल्लाच्या श्वासाएवढं. दोन बोटं काढावी लागली. पाय राहिला. पेनची रेघ बरेच दिवस पुसली गेली नाही. हौसाकाकूंनी ती पुसू दिली नाही. बिडी सुटली, म्हणजे हौसाकाकूंनी बंडल सर्जनच्या देखत खिडकीतून फेकलं आणि सर्जनने तिकडे दुर्लक्ष केलं.

साताऱ्याला परत आल्यावर मी सासूबाईंना सांगितलं, की मागचं दार बंद.

“बंद केलंस तर ती मानसं फुडल्या दारानं येतील व्हय?” त्या म्हणाल्या. “तुझी पाटी बघूनच निम्मी माघारी जात्यात. हितं येत्यात तरी.”

माझ्या सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या, शाळा न पाहिलेल्या, आणि पाटीबद्दल त्यांचं खरं होतं. दोन दिवसांनी मी अट घातली. पाय लावीन, पण आधी पाय बघीन. हाताने, उजेडात, प्रश्न विचारून. आणि तुळशीकडे तोंड करणार नाही.

“पायाळूनं बघून पाय लावायचा म्हंजे मान तो काय ऱ्हायला?” सासूबाई पुटपुटल्या. मान्य केलं मात्र.

पुढे पावसाळा संपल्यावर एका मंगळवारी सकाळी मी पडवीत आले तर पायरीवर सुभेदार बसलेले. हातात काठी, पायात बंद बूट. त्यांच्यासमोर तिघे जण रांगेत. उभे.

“गोळा कवा येतोय? पडल्यावर का चालताना?”

“पडल्यावर, सुभेदार.”

“हितं थांब. फुडला! कवा?”

“चालताना.”

“किती पावलं?”

“मोजली न्हाईत बा.”

“मोजली न्हाईत! जा, नाक्यापतुर चालून मोजून ये. आन् आला की फुडल्या दारानं जायाचं. हितनं न्हाई.” मग बूट काढून त्यांनी आपली तीन बोटं त्या माणसाला दाखवली. तो माणूस मोजायला गेला.

मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, “मीच बलावलंय त्यास्नी. तुला येकटीला किती बघनार?”

पायात ताकद होती तोवर महिन्यातून दोन मंगळवार तरी सुभेदार येत राहिले. त्यांनी पुढच्या दाराला पाठवलेल्यांपैकी दोघांना मी वेळेत मिरजेला धाडलं. दोघांचीही दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत. सुभेदारांना त्याचा फार अभिमान होता. ती आपलीच बोटं असल्यासारखे ते त्यांची चौकशी करत. चढ ते सलग चालू लागले होते. पण बांधावर थांबून नाचणी विचारायची सवय काही सुटली नाही. आता सोडली तर लोक शिष्ट म्हणतील, असं ते म्हणत.

आधी सासूबाई गेल्या, मग तीन वर्षांपूर्वी सुभेदार. भेटायला गेले तेव्हा हौसाकाकू म्हणाल्या, “आठ बोटं घिऊन गेला बाई, पन पाय दोन हुतं.”

निहार, आता तुझं. गेल्या रविवारी तू पुन्हा फोन केलास तेव्हा मी तुला सुभेदारांचेच प्रश्न विचारले. चालताना की पडल्यावर? एकाच पायात की दोन्ही? सूज, लाली, गरमपणा? एकच पोटरी सुजून गरम झाली असेल तर ती चोळायची नाही, सरळ डॉक्टरकडे जायचं. आत रक्ताची गाठ असू शकते. तू ‘पडल्यावर’ म्हणालास आणि सूज, लाली सगळ्याला ‘नाही’. मग तुला पावलावर नाडी शोधायला लावली. तू बराच वेळ चुकीच्या जागी दाबत होतास.

“लागली, आजी! टकटक करतेय.”

मग तुला सांगितलं तेच इथे सईसाठी लिहिते. गोळा आला की गुडघा सरळ करायचा आणि पायाची बोटं हाताने स्वतःकडे ओढून धरायची, नाहीतर उठून टाच टेकवून भिंतीवर झुकायचं. सुटल्यावर हलक्या हाताने चोळायचं, हवं तर कोमट शेक. पळून आल्यावर पोटऱ्या ताणायच्या आणि पाणी प्यायचं. इतकं करूनही वारंवार येत राहिला तर रक्त तपासून घ्यायचं.

तू सगळं लिहून घेतलंस आणि म्हणालास, “ओके. आता पाय लाव.”

“काय?”

“आई म्हणते, तू पायाळू आहेस. माझा पाय बघून झालाय तुझा. आता लाव.”

तू पोटरी कॅमेऱ्यासमोर धरलीस. मी टॅब्लेट जमिनीवर ठेवला, चप्पल काढली, चष्मा काढला नाही, आणि नीट बघून तीनदा पाय लावला. तिसऱ्यांदा अंगठ्याने फोन बंद झाला.

नमस्कार राहिला होता. नातवाला नमस्कार करत नाहीत. पण माघातल्या त्या मंगळवारचा एक माझ्याकडे शिल्लक होता. मी मेढ्याच्या दिशेला तोंड केलं आणि तो केला.